खोलीचे वाचन : 'ओताकू', 'हिकिकोमोरी' आणि जपानी मानसचिकित्सेची भाषा

जपानी भाषेत 'ताकू' म्हणजे घर. त्याला आदरार्थी 'ओ' लागला की 'आपले घर' असा अर्थ सिद्ध होतो. समोरच्या व्यक्तीचा थेट निर्देश टाळण्याच्या जपानी रीतीमुळे तोच शब्द द्वितीय पुरुषी सर्वनामाचेही काम करतो. बेताची ओळख असलेले शेजारी किंवा व्यवहारापुरते भेटणारे लोक बोलताना जे सभ्य अंतर राखतात, ते या सर्वनामात साठलेले आहे. मराठीतल्या 'आपण'शी त्याची तुलना करण्याचा मोह होईल. परंतु 'आपण'मध्ये बोलणारा स्वतःही सामावू शकतो. 'ओताकू' म्हणणारा मात्र समोरच्याच्या उंबरठ्याबाहेरच उभा राहतो. दुसरा शब्द 'हिकिकोमोरी'. 'हिकु' म्हणजे मागे ओढून घेणे आणि 'कोमोरु' म्हणजे आत कोंडून राहणे, या दोन क्रियापदांचा तो जोड आहे. देवळात अनुष्ठानासाठी रात्रभर राहण्यालाही जुन्या जपानीत 'कोमोरु' हेच क्रियापद वापरले जाई. दोन्ही शब्दांच्या मुळाशी घर आहे.

गेल्या चार दशकांत पहिला शब्द मांगा, अ‍ॅनिमे आणि व्हिडिओ-खेळ यांच्या निस्सीम चाहत्याचा वाचक झाला, तर दुसरा महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे घराबाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणाऱ्या माणसाचा. वर्तमानपत्री लिखाणात, आणि बऱ्याचदा अभ्यासकांच्या लिखाणातही, या दोन व्यक्ती एकाच खोलीत बसलेल्या दिसतात. दार बंद, पडदे ओढलेले, पडद्यावर एखादी चित्रमालिका. हे चित्र इतके रूढ झाले आहे की ते कोणी, कधी आणि कशातून तयार केले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः या चित्राला स्वतंत्र इतिहास आहे. तो चाहत्यांच्या किंवा एकाकी तरुणांच्या आयुष्यापेक्षा त्यांच्याबद्दल बोलणाऱ्या भाषांचा, मुख्यतः मानसचिकित्सेच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेचा, इतिहास आहे.

१

'ओताकू' या शब्दाच्या नामकरणाची घटना नेमकी सांगता येते. १९८३ साली 'मांगा बुरिक्को' या मासिकात नाकामोरी आकिओ या तरुण लेखकाने 'ओताकूंचा अभ्यास' या अर्थाच्या शीर्षकाची लेखमाला सुरू केली. टोकियोतील 'कॉमिक मार्केट' या चाहत्यांच्या मेळाव्यात जमलेल्या गर्दीचे वर्णन हा तिचा आरंभ. तिथली मुले एकमेकांना 'ओताकू' म्हणून संबोधतात, हे नाकामोरीचे निरीक्षण मूलतः व्याकरणाचे होते. समवयस्क, एकाच छंदाने बांधलेल्या पोरांनी अनोळखी शेजाऱ्याचे सर्वनाम एकमेकांसाठी वापरावे, यातली विसंगती त्याने अचूक टिपली. निष्कर्ष मात्र त्याने देहावर काढले : चष्मे, कपडे, अंगकाठी, शाळेत कोपऱ्यात पडलेले असणे. सर्वनामाचे नाम झाले आणि नामाची शिवी झाली. हे मासिक ज्या वाचकांच्या जिवावर चालत होते, त्यांचीच ही टवाळी होती. तेव्हा संपादक ओत्सुका एइजी यांनी काही हप्त्यांनंतर ती थांबवली.

नाकामोरीने ज्या मेळाव्यात हे पाहिले त्याचा पूर्वेतिहास या टवाळीशी जुळत नाही. पहिले 'कॉमिक मार्केट' डिसेंबर १९७५ मध्ये भरले. त्याची योजना 'मेइक्यू' या मांगा-समीक्षकांच्या मंडळाने केली होती. त्या वेळच्या एका मोठ्या मांगा-संमेलनाच्या कारभाराविषयी असमाधान होते. प्रकाशकांची मध्यस्थी नसलेली, वाचकांनी स्वतः छापलेल्या नियतकालिकांची देवघेव व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्या दिवशी ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे आली. त्यांत बहुसंख्य होत्या शाळकरी मुली, 'शोजो मांगा' म्हणजे मुलींसाठीच्या चित्रकथांच्या वाचक. हागिओ मोतो, ताकेमिया केइको यांच्या पिढीने या चित्रकथांना जे नवे वळण दिले होते, त्यावर लिहिणे, त्यातील पात्रे घेऊन नव्या कथा रचणे, हा या मुलींचा उद्योग होता. चाहत्यांची ही उपसंस्कृती जन्मली ती समीक्षेच्या कुशीत आणि मुलींच्या हातून, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. आठ वर्षांनी तिचे नामकरण झाले तेव्हा मुलींचा उल्लेख ओझरता आणि कुत्सित राहिला. पुढे जे सिद्धांत रचले गेले त्यांनी या नामकरणातला पुरुषच प्रमाण मानला.

शब्दाला सर्वतोमुखी केले ते १९८९ च्या एका खटल्याने. ऑगस्ट १९८८ ते जून १९८९ या काळात टोकियो आणि साइतामा परिसरात चार लहान मुलींचे खून झाले. जुलै १९८९ मध्ये मियाझाकी त्सुतोमू या सव्वीस वर्षांच्या तरुणास अटक झाली, आणि काही दिवसांतच त्याच्या खोलीची छायाचित्रे देशभर पोहोचली. जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या ५,७६३ व्हिडिओ-फिती, मासिकांचे ढीग, आणि मधोमध झोपण्यापुरती जागा. वृत्तपत्रांना या खोलीसाठी एका शब्दाची गरज होती. तो सहा वर्षांपूर्वी तयार झालेलाच होता.

छायाचित्र ही एक संहिता मानली तर तिच्या वाचनाची पद्धत लक्षणीय आहे. खून या खोलीत झालेले नव्हते. फितींच्या राशीत दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेले साधे कार्यक्रमही भरपूर होते. परंतु संग्रहाच्या आकारालाच कबुलीजबाबाचे मोल आले. न्यायालयापुढे मात्र मानसचिकित्सकांचे एकमत होऊ शकले नाही. पहिल्या तपासणीने व्यक्तिमत्त्वविकार असला तरी जबाबदारीची पूर्ण जाणीव असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या तपासणीत तज्ज्ञांची दोन मते पडली. एकाने व्यक्तित्वाच्या विघटनाकडे बोट दाखवले, तर दुसऱ्याने स्किझोफ्रेनियाकडे. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने पहिले मत ग्राह्य धरून मृत्युदंड दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि जून २००८ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. जवळजवळ दोन दशकांच्या या वैद्यकीय-न्यायिक वादातले फारसे काही लोकांच्या स्मरणात राहिले नाही. राहिला तो ५,७६३ हा आकडा.

नाकामोरी आणि ओत्सुका, म्हणजे शब्द घडवणारा आणि तो थांबवू पाहणारा, हे दोघे त्याच वर्षी एकत्र आले आणि त्यांनी 'एमची पिढी' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले. ती खोली आपल्या पिढीतल्या असंख्य खोल्यांसारखीच आहे, ही भूमिका त्यामागे होती. ती नैतिकदृष्ट्या धाडसाची खरीच. पण तिनेही खोलीलाच पुरावा मानले, हे नजरेआड करता येत नाही.

२

मानसचिकित्सेने या खोलीत प्रवेश केला तेव्हा तिच्याजवळ एक तयार भाषा होती. तिचे मूळ शोधताना भारतीय वाचकाला एक ओळखीचे नाव भेटते. जपानमधील मनोविश्लेषणाचे आद्य अभ्यासक कोसावा हेइसाकू यांनी १९३२ मध्ये व्हिएन्नात फ्रॉईडला एक निबंध सादर केला. त्यात ईडिपस गंडाला पर्याय म्हणून 'आजासे गंड' मांडला होता. आजासे म्हणजे मगधाचा राजा अजातशत्रू. बौद्ध कथांच्या मराठी वाचकाला अजातशत्रू ठाऊक आहे तो राजगृहात आपल्या पित्याला, बिंबिसाराला, बंदीत टाकून मारणारा पितृघातक म्हणून. कोसावा आणि नंतर त्यांचे शिष्य ओकोनोगी केइगो यांनी कथेचा भार पित्यावरून उचलून मातेवर ठेवला. त्यांच्या मांडणीत पुत्रासाठी उतावीळ झालेली राणी वैदेही ऋषीचा घात करवते, मग भयाने गर्भालाच नष्ट करू पाहते. मोठेपणी हे कळल्यावर पुत्र तिच्यावर शस्त्र उगारतो, अपराधभावाने व्याधिग्रस्त होतो आणि तिच्याच शुश्रूषेने बरा होतो. चिनी भाष्यपरंपरेत ऋषीचा घात बिंबिसार करवतो. जपानी मनोविश्लेषणाने तो वैदेहीच्या माथी मारला. राजसत्तेची गोष्ट अशी माजघरातली झाली.

या स्थलांतराचे परिणाम दूरवर पोहोचले. १९७१ मध्ये दोइ ताकेओ यांचे 'आमाए'ची रचना उलगडणारे पुस्तक आले. 'आमाए' म्हणजे दुसऱ्याच्या मायेवर हक्काने विसंबणे, मुलाने आईकडे लाड करून घ्यावेत तसे. दोइंच्या मते ही वृत्ती जपानी माणसाच्या सामाजिक संबंधांचा गाभा होय. १९७७ मध्ये ओकोनोगी यांनी एरिक्सनची मोरॅटोरियमची, म्हणजे तारुण्यातल्या मुदतवाढीची, संकल्पना घेऊन समकालीन जपानी माणूस प्रौढत्व सतत पुढे ढकलतो असे निदान केले. याच दशकात कासाहारा योमिशी यांनी विद्यापीठांतील तरुणांत 'माघारीचा मज्जाविकार' वर्णिला. त्यांचे निरीक्षण या साऱ्यांत अधिक बारीक आणि म्हणून अधिक टिकाऊ आहे. हे विद्यार्थी वर्गात जात नाहीत, पण फावल्या वेळची नोकरी किंवा छंदमंडळ सोडत नाहीत. माघार आहे ती मुख्य कर्तव्यापुरती. चाहत्याच्या मनोरचनेचा विचार करायचा झाल्यास कासाहारांच्या या अंशतः माघारीतून एक वाट निघत होती. ती फारशी कोणी चोखाळली नाही, कारण आई आणि मुलगा यांच्या जोडीचे रूपक अधिक आकर्षक होते.

रूपके कागदावर राहत नाहीत. ऐंशीच्या दशकात शाळेत न जाणाऱ्या मुलांचा प्रश्न तीव्र झाला तेव्हा मुदतवाढ, परावलंबन, आईचे अतिरिक्त प्रेम या शब्दांतच त्याची चर्चा झाली. उपाय काय, तर मुलाला घरातून बाहेर काढणे. आइची प्रांतातील तोत्सुका यॉट स्कूल शिडाच्या होड्यांवरील कठोर शिस्तीने अशा मुलांना ताळ्यावर आणण्याचा दावा करी. तिथे मुलांचे मृत्यू झाले आणि १९८३ मध्ये संस्थाचालकाला अटक झाली. नाकामोरीची लेखमाला त्याच वर्षीची आहे. घरातल्या मुलाची टवाळी आणि घरातल्या मुलाला बाहेर ओढणारी हिंसा यांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, परंतु दोन्हींना हसणारा आणि मान डोलावणारा समाज एकच होता.

१९८८ मध्ये त्सुकुबा विद्यापीठातील मानसचिकित्सक इनामुरा हिरोशी यांचा अभिप्राय 'आसाही शिंबुन'ने ठळकपणे छापला : शाळा नाकारण्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर ही उदासीनता तिशीपर्यंत पाठ सोडत नाही. शाळेबाहेर पडलेल्या मुलांसाठी १९८५ मध्ये 'तोक्यो शूरे' ही मुक्त शाळा काढणाऱ्या ओकुची केइको आणि पालक यांनी त्याला कडाडून विरोध केला. शाळेत न जाणे हा रोग नाही, शाळेवरील टीका आहे, ही त्यांची बाजू. १९९२ मध्ये शिक्षण मंत्रालयानेही अशी वेळ कोणत्याही मुलावर येऊ शकते, हे मान्य केले. विरोधकांचा हा विजय खरा होता, परंतु त्याची एक किंमत होती. मूल रोगी नाही हे सिद्ध करण्यासाठी पुढे त्याचे भले होते हे दाखवणे भाग पडले. ज्यांचे झाले नाही, जे विशी ओलांडूनही घरातच राहिले, त्यांच्याविषयी बोलायला कोणाचीच भाषा उरली नाही. ती पोकळी इनामुरांच्याच एका विद्यार्थ्याने भरली.

३

साइतो तामाकी यांचे 'सामाजिक हिकिकोमोरी : न संपणारे किशोरवय' या अर्थाचे पुस्तक १९९८ मध्ये आले. त्यांची व्याख्या अशी : विशीच्या अखेरीपर्यंत सुरू होणारी, सहा महिन्यांहून अधिक काळ घरात राहून समाजात सहभागी न होण्याची स्थिती, जिचे प्रधान कारण अन्य मानसिक विकार असल्याचे दिसत नाही. हा रोग नव्हे, स्थिती आहे, हे ते आवर्जून सांगतात. व्यक्ती, कुटुंब आणि समाज ही तीन वर्तुळे निरोगी अवस्थेत एकमेकांना स्पर्श करतात. हिकिकोमोरीत त्यांचा संपर्क तुटतो, आणि कुटुंब जितके व्यक्तीला ढकलू पाहते तितकी ती आत जाते. ही मांडणी दोष एका कोणावर टाकत नाही, म्हणून हजारो पालकांना ती आधाराची वाटली.

या पुस्तकाबाबत दोन गोष्टींकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एक, 'सामाजिक हिकिकोमोरी' हा शब्दप्रयोग मुळात अनुवाद आहे. अमेरिकी मानसचिकित्सकांच्या निदानसूचीत अनेक विकारांचे लक्षण म्हणून येणाऱ्या 'सोशल विथ्‌ड्रॉअल'चे ते जपानी रूप. ज्या शब्दाला पुढे जगाने केवळ जपानी म्हणून उचलले तो जपानमध्ये परदेशातून आलेला होता. २०१० मध्ये एका ऑक्सफर्ड कोशात आणि २०२२ मध्ये त्याच अमेरिकी निदानसूचीच्या सुधारित आवृत्तीत तो 'सांस्कृतिक' संकल्पना म्हणून परत गेला. त्या यादीत त्याच्या सोबत भारतीय उपखंडातला 'धात' विकारही आहे. आपल्याकडच्या वीर्यभयाला आणि जपानी तरुणाच्या बंद दाराला एकाच कपाटात ठेवणारी ही सूची स्वतःच्या लक्षणांना मात्र कधी 'सांस्कृतिक' म्हणत नाही.

दुसरी गोष्ट पद्धतीची आहे. हिकिकोमोरी व्यक्ती दवाखान्यात येत नाही; येतात ते आईवडील. साइतोंच्या पुस्तकातील सल्ला म्हणूनच पालकांना उद्देशून आहे : मुलाशी कसे बोलावे, पैसे किती द्यावेत, हिंसा झाल्यास काय करावे. रुग्णाविषयीचे ज्ञान रुग्णाच्या अनुपस्थितीत, तृतीय पुरुषात तयार झाले. साइतो हे दडवत नाहीत. पण हिकिकोमोरीवरील पुढच्या लिखाणाने ही मर्यादा विसरून आईच्या कथनालाच मुलाचे मन मानले. वैदेहीची कथा पुन्हा एकदा सोयीची ठरली.

पुस्तक आले आणि दीड वर्षातच घटना अशा घडल्या की त्याची संयत व्याख्या वाहून गेली. डिसेंबर १९९९ मध्ये क्योतोत एका शाळकरी मुलाचा खून, जानेवारी २००० मध्ये निइगाता येथे नऊ वर्षे कोंडून ठेवलेल्या मुलीची सुटका, मे महिन्यात सतरा वर्षांच्या मुलाने केलेले बसचे अपहरण. तिन्ही प्रकरणांतील आरोपींना 'हिकिकोमोरी' हे विशेषण लागले. १९८९ मध्ये 'ओताकू'चे जे झाले होते तेच या शब्दाचे झाले, आणि दोन्ही शब्द एका खोलीत आले ते याच वेळी.

या एकत्रीकरणाला सर्वांत सुस्पष्ट विरोध साइतोंनीच केला. त्यांच्या निरीक्षणात घरात राहणारे बहुतेक तरुण कशातच रमलेले नसतात. वेळ जाता जात नाही, हेच त्यांचे दुःख. छंदात बुडून जाणे ही गोष्ट ज्याच्या इच्छाशक्तीला विषय सापडला आहे त्यालाच शक्य असते. २००० मध्ये 'लढाऊ सुंदर मुलीचे मनोविश्लेषण' या अर्थाच्या पुस्तकात त्यांनी ओताकूंची स्वतंत्र मीमांसा केली. 'नाउशिका', 'सेलर मून', 'एव्हांगेलियन' यांतल्या शस्त्रधारी मुलींना वाहिलेल्या आकर्षणाचे लाकाँच्या परिभाषेत विश्लेषण करताना त्यांनी एक रूढ समज मोडून काढला. ओताकूला वास्तव आणि कल्पित यांतला भेद कळत नाही, हा तो समज. साइतोंच्या मते त्याला तो इतरांपेक्षा अधिक कळतो. कल्पिताचे कल्पितपणच त्याला रिझवते, आणि एका पात्राकडे चित्रकाराची रेषा, कथेचा अन्वय, निर्मितीची परिस्थिती अशा अनेक पातळ्यांवरून एकाच वेळी पाहण्याची शक्ती त्याच्यात असते. संग्राहक वस्तू ताब्यात घेतो, ओताकू ती पुन्हा कल्पून आपलीशी करतो. साहित्याच्या अभ्यासकाला यात वाचकाचेच वर्णन दिसावे.

इतक्या समंजस मांडणीत एक विसंगती राहिली आहे आणि ती किरकोळ नाही. ओताकूच्या कल्पनाविश्वाचे आद्यरूप म्हणून साइतो ज्याची निवड करतात तो शिकागोतला हेन्री डार्गर. साफसफाईची कामे करणारा, एका भाड्याच्या खोलीत आयुष्य काढणारा, पंधरा हजारांहून अधिक पानांचा चित्रमय ग्रंथ कोणालाही न दाखवता रचणारा माणूस. डार्गरचे कोणी वाचक नव्हते, सोबती नव्हते, 'ओताकू' असे म्हणायला समोर कोणी नव्हते. ज्या संस्कृतीचा प्राणच मेळावा, देवघेव आणि वाद हा आहे, तिच्या उगमाशी त्यांनी पुन्हा एक एकाकी पुरुष आणि त्याची बंद खोली बसवली.

४

कादंबरीने हा भेद शास्त्राआधी आणि शास्त्रापेक्षा नीट ओळखला होता की काय, असा प्रश्न पडतो. जपानी आधुनिक कादंबरीचा आरंभ ज्या कृतीपासून मानतात, ती फुताबातेइ शिमेइ यांची 'उकिगुमो' (१८८७–८९). तिचा नायक बुंझो सरकारी कचेरीतून काढला जातो आणि काकूच्या घरातल्या माडीवरच्या खोलीत अधिकाधिक काळ घालवू लागतो. खाली काकूचे टोमणे, चुलत बहिणीचे हसणे, यशस्वी मित्राची ये-जा. वर बुंझोचे मन. या रचनेत खोली महत्त्वाची आहे ती जिन्यामुळे. खालचा आवाज वर ऐकू येतो, आणि नोकरी गेल्याखेरीज बुंझो वर गेलेलाच नसता. 'कोजिकी'तील गुहेत दडलेल्या सूर्यदेवतेपासून हिकिकोमोरीची परंपरा सांगण्याची हौस अनेकांना असते. असल्या पुराणकथा संस्कृतीला कालातीत करून टाकतात. बुंझोची माडी मात्र मेइजी काळातल्या नोकरशाहीने बांधलेली आहे.

'हिकिकोमोरी' हा शब्द गाजू लागल्यावर आलेल्या कादंबऱ्यांत मुराकामी र्‍यू यांची 'क्योसेइचू' (२०००) हिंसेच्या आणि रोगाच्या रूपकांकडे झुकते. तिच्यावर वृत्तपत्री भयाची छाया आहे. ताकिमोतो तात्सुहिको यांची 'एनएचकेमध्ये आपले स्वागत' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी (२००२) वेगळी आहे. लेखक स्वतःला हिकिकोमोरी म्हणवत असे. विद्यापीठ सोडून खोलीत राहिलेल्या नायकाची समजूत अशी की त्याला कोंडून ठेवणारे एक गुप्त कारस्थान आहे. भिंतीपलीकडून अ‍ॅनिमेचे गाणे अखंड वाजत असते. त्याबद्दल भांडायला म्हणून तो दार उघडून बाहेर पडतो, तर शेजारी निघतो शाळेतला धाकटा मित्र, पक्का ओताकू. दोघे मिळून एक संगणक-खेळ रचायला घेतात. नायकाला या छंदाची परिभाषा शेजाऱ्याकडून शिकावी लागते. वृत्तपत्रांनी एका खोलीत कोंबलेल्या दोघांमध्ये कादंबरीकाराने भिंत घातली, आणि त्या भिंतीमुळेच त्यांची भेट शक्य झाली.

सिद्धांताची वाटचाल याच सुमारास उलट दिशेने चालली होती. आन्नो हिदेआकी यांची 'एव्हांगेलियन' मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात प्रसारित झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये ओम शिन्रिक्योचा विषारी वायूचा हल्ला होऊन गेला होता. मालिकेचा चौदा वर्षांचा नायक लढायला नकार देत राहतो. १९९७ च्या चित्रपटात आन्नोंनी चित्रगृहातल्या प्रेक्षकांचीच दृश्ये दाखवली. चाहत्यांना दिलेली ही चपराक होती की आरसा, यावर वाद झाला. आझुमा हिरोकी यांनी या मालिकेनंतरच्या चाहत्यांना समोर ठेवून २००१ मध्ये असे प्रतिपादन केले की महाकथनांच्या अस्तानंतर ओताकू कथा वाचत नाही. तो केस, डोळे, पोशाख, स्वभाव अशा घटकांच्या साठ्यातून आपली गरज भागवतो. कोजेव्हने हेगेलवरील व्याख्यानांच्या एका तळटीपेत इतिहासोत्तर माणसाच्या दोन वाटा सांगितल्या होत्या, अमेरिकी पशुवत सुखाची आणि जपानी रीतिनिष्ठेची. आझुमांनी जपानी चाहत्याला पहिल्या वाटेवर आणून सोडले. पशूला दुसऱ्याच्या इच्छेची गरज नसते. ओताकूलाही ती उरलेली नाही, हा त्यांचा निष्कर्ष. साइतोंना तो मान्य नव्हता, आणि या वादात साइतोंचे पारडे जड वाटते. जे लोक वर्षातून दोनदा लाखोंच्या संख्येने एकत्र येतात, स्वखर्चाने पुस्तके छापतात आणि परस्परांच्या अन्वयार्थांवरून हिरीरीने भांडतात, त्यांना दुसऱ्याची गरज नाही असे म्हणणे विचित्र आहे. आझुमांचे विवेचन उपभोगाचे आहे. निर्मितीकडे, आणि निर्मिती करणाऱ्या स्त्रियांकडे, ते पुरेसे पाहत नाही.

५

मनाच्या या चर्चेत रोजगाराचा मुद्दा बाजूला पडत गेला. नव्वदच्या आरंभी जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या पिढीसमोर दहा-बारा वर्षे नोकरीचा दुष्काळ राहिला. समाजशास्त्रज्ञ होंदा युकी यांनी २००६ मध्ये, काम न करणाऱ्या तरुणांना दूषण देणाऱ्या नव्या शब्दांविरुद्ध सहलेखकांसह पुस्तक लिहिताना, या दुष्काळाचे रूपांतर तरुणांच्या चारित्र्यदोषात कसे केले गेले ते दाखवले. परंतु खरा धक्का सरकारी सर्वेक्षणांनी दिला. २०१० मध्ये १५ ते ३९ वयोगटात हिकिकोमोरींची संख्या ६,९६,००० असावी असा अंदाज प्रसिद्ध झाला, २०१६ मध्ये ५,४१,०००. चाळिशीपुढच्यांना मोजलेच नव्हते, कारण हा तरुणांचा प्रश्न हे गृहीत होते. २०१९ मध्ये प्रथमच ४० ते ६४ वयोगट मोजला गेला आणि तो आकडा निघाला ६,१३,०००. त्यांत आरंभाचे सर्वाधिक सांगितले गेलेले निमित्त नोकरी सुटणे किंवा निवृत्ती हे होते. 'न संपणारे किशोरवय' या सूत्रात पन्नाशीला नोकरी गमावून घरात बसलेला माणूस बसत नाही. बुंझो बसतो.

ऐंशीच्या घरातले आईबाप आणि पन्नाशीतले अपत्य यांच्या कुटुंबांना जपानमध्ये 'आठ-पाच'चा प्रश्न म्हणू लागले. मे-जून २०१९ मध्ये कावासाकीत शाळकरी मुलांवर झालेला चाकूहल्ला आणि लगोलग एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याने केलेला स्वतःच्या मुलाचा खून, यांनंतर जुने चित्र पुन्हा भिंतीवर लागले. २००० सालची वाक्ये २०१९ मध्ये जवळपास जशीच्या तशी छापली गेली.

स्त्रियांची कथा आणखी उशिरा उजेडात आली. घरकाम करणारी गृहिणी किंवा 'घरी मदत करणारी' अविवाहित मुलगी वर्षानुवर्षे कोणालाही भेटत नसली तरी तिला हिकिकोमोरी म्हणण्याचे कारण सर्वेक्षकांना दिसत नव्हते. स्त्रीचे घरात असणे हे लक्षण नव्हते, तो नियम होता. प्रश्नावली बदलल्यावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५ ते ६४ वयोगटातील एकूण अंदाज १४ लाख ६० हजारांवर गेला आणि चाळिशीपुढच्या गटात स्त्रिया निम्म्याहून अधिक निघाल्या. 'कॉमिक मार्केट'च्या पहिल्या दिवसाची बहुसंख्या नामकरणात हरवली होती. इथे तीच गोष्ट मोजणीत झाली.

भारताचा या चर्चेत थेट समावेश २०१५ मधील एका तुलनात्मक अभ्यासाने झाला. जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि भारत या चारही देशांत त्याला या स्थितीतील व्यक्ती आढळल्या. 'जपानी' या विशेषणाची पकड त्यामुळे सैल झाली हे बरे झाले. पण एकत्र कुटुंब, बेकारीतला पदवीधर, परीक्षांच्या तयारीत जाणारी वर्षे, सुनेचे घराबाहेर न पडणे, हे सारे आता एका जपानी शब्दाखाली मोजले जाण्याचा धोकाही त्यात आहे. बुंझोच्या घरातला जिना आपल्याकडच्या घरांत कुठे असतो, हे त्या शब्दाला विचारता येणार नाही.

जपानमध्ये ज्यांच्याविषयी हे सारे बोलले गेले त्यांनी स्वतः बोलायला सुरुवात केली त्यालाही आता बराच काळ लोटला. उएयामा काझुकी यांचे 'हिकिकोमोरी असलेल्या माझ्याकडून' या अर्थाचे पुस्तक २००१ चे आहे. २०१६ मध्ये हिकिकोमोरी व्यक्तींनीच चालवलेले 'हिकिकोमोरी शिंबुन' हे वृत्तपत्र निघाले. साइतो यांनीही पुढे फिनलंडमधल्या 'ओपन डायलॉग' या उपचारपद्धतीचा जपानमध्ये पुरस्कार केला आणि २०१५ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. या पद्धतीचा एक नियम असा की रुग्णाविषयी जे काही ठरवायचे ते त्याच्या गैरहजेरीत ठरवायचे नाही. चिकित्सक आपसांत चर्चा करतात तीही त्याच्यासमोर, आणि तो ती ऐकत असतो.